हिरालालची पाळी

भैय्याजींनी फावड्याने चिखलाचे चार गोळे दाबून हिरालालच्या धानाच्या बांधीकडे जाणारं पाणी बंद केलं आणि शेताच्या धुऱ्यावर बसून ते शिव्यांची वाट पाहू लागले.

अड्याळ गावाजवळच्या तलावाचे ते तीस वर्षं पाणकर होते. कोणाच्या धानाला कधी पाणी सोडायचं हे ते ठरवत, आणि ते चुकीचं ठरवतात हे हिरालाल दर हंगामात गावाला ऐकू जाईल असं सांगे. त्याच्या शिव्यांत भैय्याजींच्या चार पिढ्या ओळीने हजेरी लावून जात. यंदा मात्र त्याच्या तोंडून एकही शिवी निघाली नव्हती. आज तर पाळी खरोखरच त्याची होती. धान लोंबीवर आलेलं. पाणी चुकलं तर दाणा पोचट. तीस वर्षांत भैय्याजींनी कोणाची पाळी मारली नव्हती. ही पहिली.

हिरालाल आला. त्याने कोरडी नाली पाहिली. खांद्यावरचा शेला काढला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

“बंद केलं काय जी?”

“हाव. तुही पाळी शेजारच्या कैलाशले देल्ली.”

“बरं केलं. त्याले गरज असंल.” हिरालाल नालीकडेच पाहत होता. “तुमी उन्हात नोका बसू, भैय्याजी. तब्येत सांभाळा.”

आणि तो चालता झाला. भैय्याजींचा हात पोटावरच्या जुन्या टाक्यांवर गेला.

तीन महिन्यांपूर्वी नागपूरला त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. साधी गाठ, असं घरच्यांनी सांगितलं. मग ताकदीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या ताकदीने तळहात काळे पडले आणि तळपायांची सालं निघू लागली. गोळ्या पाकिटातून काढून बिनचिठ्ठीच्या डबीत भरून ठेवायचं काम मुलगी खुशबू करी. ती नागपुरातच एका प्रयोगशाळेत आतड्यांवर संशोधन करत होती, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. घरात एक माणूस शिकलेलं असलं की बाकीच्यांची एवढी सोय होते.

दसऱ्याला ती आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, दिवसभर तू करते तरी काय?

“शरीराच्या हरेक पेशीत सगळ्याच वावरांची, म्हंजे अवयवांची, दारं असतात, बाबूजी. बाळ पोटात असतं तवा एक प्रथिन येऊन उभं राहते. आतड्याची दारं उघडते, बाकीची लावते. म्हणून आतडं आतडं होते. पुढं जलमभर ते तिथंच राबते. पाणकरच समजा.”

“आन् पाणकर निघून गेला तं?”

“तं पेशी आपलं काम विसरते. नुसती वाढत सुटते.” खुशबूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “कधी कधी कॅन्सर होते. लोकायले.”

भैय्याजी फार खूश झाले. विज्ञानात आपल्या हुद्द्याची जागा निघाली होती. आठवडाभर तलावावर येईल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. लोकांनी ती मान खाली घालून ऐकली. हिरालालने तर डोळे पुसले. विज्ञान माणसाला इतकं भिडतं, हे भैय्याजींना नवीन होतं.

आता ते उठले आणि घरी गेले. खुशबू सुट्टीवर आली होती. ओसरीत बसून डबी भरत होती. शेजारी त्यांची बायको सुलोचनाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

“बाई, तो तुहा पाणकर कोणाच्या गाठीतून गेला?” भैय्याजींनी लेकीला विचारलं.

सूप थांबलं.

“कोणं सांगतलं तुमाले?” खुशबूने विचारलं.

“हिरालालनं.”

“हिरालालकाकानं? त्यायनं तं शपथ घेतली होती—”

“त्यानं शिवी देल्ली नाही.”

खुशबूने डबीचं झाकण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं.

“तुमच्या गाठीतून,” ती म्हणाली.

“मीच म्हणलं होतं तिले, नोको सांगू,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “तुमचा धीर सुटला असता.”

“गावाचा नाही सुटला?”

सुलोचनाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

“माह्याच कामाची गोष्ट करून माहा रोग मलेच सांगतला,” ते लेकीला म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आन् मी तो घरोघरी वाटत फिरलो. परसादावानी.”

“बाबूजी, गाठ पुरी निघाली आहे. गोळ्या झाल्या की तुमी बरे होसान. डॉक्टर म्हणते, चान्स चांगला आहे. हे खरं सांगून राहिली मी.”

भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं. तलावात किती हात पाणी आहे, हे काठावर उभं राहून सांगणारा तो माणूस. लेकीच्या तोंडावरून त्यांना काही कळेना.

त्यांनी फावडं उचललं.

“आता कुठं चालले जी?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“हिरालालचं पाणी सोडून येतो. त्याचा काही कसूर नाही. त्याले नीट खोटं बोलता येत नाही.”