कबरस्तानातला कॅमेरा 'हो' म्हणतो

"हलली! बघा, बघा, मान हलली!"

दोच्का इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या कबरीवर मेणबत्ती लावत बसलेल्या म्हाताऱ्याने दचकून स्वतःची मिशीच पेटवून घेतली. ती विझवायलाही कुणी धावलं नाही. कोण धावणार? सगळं द्रेनोवित्सा गाव माना वर करून चर्चच्या वळचणीकडे बघत होतं. तिथे मोठ्या कांद्याएवढा एक पांढरा कॅमेरा उलटा टांगलेला होता. दोच्काने त्याला विचारलं होतं, "माझा टर्की कोंबडा शेजारणीनेच नेला ना?" आणि कॅमेऱ्याने सावकाश डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे.

आता, आमच्या बल्गेरियात मान आडवी हलली की 'हो' आणि वर उडाली की 'नाही'. बाकीचं जग उलटं करतं, त्याला आम्ही काय करणार! तेव्हा कॅमेरा 'हो' म्हणाला होता, आणि दोच्काची शेजारीण मागल्या फाटकाने पळाली होती.

"लेकरांनो!" कॅमेऱ्याखाली काळा झगा घालून उभा असलेला एवलोगी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "या काचेमागे वैद्यसंत स्वतः बसलेत! अमेरिकेतले शास्त्रज्ञ याला जैव-कंपन म्हणतात. तीन अब्ज व्होल्ट, पण एकदम शांत! ज्यांनी कांदा खाल्लाय त्यांनी दोन पावलं मागे सरका, लहर तुटते."

अर्धं गाव दोन पावलं मागे सरकलं. खोटं वाटेल, पण मेयरसुद्धा सरकला.

हा एवलोगी म्हणजे काही पाद्री नव्हे. आमचा खरा पाद्री दहा गावं सांभाळतो आणि कुणी मेलं तरच येतो, तोही घाईघाईत. एवलोगी हिवाळ्यापर्यंत गाडीतून चुंबकाचे बुटाचे तळवे विकायचा, त्याआधी लग्नात गायचा. आमची निम्मी तरणी माणसं स्पेनमध्ये संत्री तोडतात आणि म्हातारी सांभाळतात. आईबापांच्या कबरी तिथून दिसाव्यात म्हणून त्यांनी मिळून हा मोटरवाला कॅमेरा पाठवला. "मी बसवतो, मला विजेचं कळतं," म्हणत एवलोगीने खोकं उघडलं आणि कॅमेरा टांगला. दुसऱ्याच दिवशी त्यात संत उतरला.

मी हसण्यावारी नेलं असतं हो. टर्कीचं काय, आज ना उद्या सापडेल. पण त्या दिवशी दोच्काच्या मागे माझी त्सोना मावशी उभी होती.

मावशीला काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याने तिला एखाद्या नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की सोमवारी ऑपरेशन करा, उशीर केलात तर जे जाईल ते परत येणार नाही. ऑपरेशननंतर तिची मुलगी मिलेना तिला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नेणार होती, घराला कुलूप लावून. आणि त्या घराच्या माडीवरच्या खोलीत फुकट कोण राहत होतं? मावशीच्या हातची गरम बनीत्सा, ती चीजची पदरापदरांची पोळी, रोज सकाळी कोण हाणत होतं? एवलोगीबाबा.

"संतमहाराज," मावशी हात जोडून म्हणाली, "डोळा कापून घेऊ का?"

कॅमेऱ्याने मान वर उडवली. एकदा, दोनदा.

"नाही म्हणाले!" लोकांनी छातीवर क्रूस काढला.

मावशीच्या हातातल्या फोनमधून मिलेना ओरडली, "आई, अगं माझ्याकडचं कॅमेऱ्याचं चित्र वर-खाली हललं! म्हणजे हो! हो म्हणतायत ते!"

"हो कसं? नाही म्हणाले!"

"सगळीकडे वर-खाली म्हणजे हो असतं गं!"

"बाई," एवलोगी फोनकडे वाकून गोड आवाजात म्हणाला, "संत शेकडो वर्षं इथे राहतात. ते व्हॅलेन्सियात वाढलेले नाहीत."

यावर गावात मोठा वाद पेटला. ज्यांची मुलं स्पेनमध्ये होती ते म्हणू लागले, कॅमेरा तिकडून आलाय, तेव्हा त्याची मानही तिकडचीच धरावी. बाकीचे म्हणाले, टांगलाय तर इथे ना? शेवटी संत देशी आहे असा ठराव झाला आणि मावशीचं ऑपरेशन रद्द झालं. एवलोगीने तिला विहिरीच्या पाण्याची बाटली दिली, तुळशीच्या काडीने थेंब सोडायला.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. "मावशी, वेडी झालीस का तू? डॉक्टरीण एवढी शिकलेली, आणि तू त्या टांगलेल्या कांद्याचं ऐकतेस?"

"वेली, तुझं आपलं सगळं फळ्यावरचं. सगळंच काही गणितात बसत नाही बाळा."

"पुढच्या वर्षी तुला फळाही दिसणार नाही!"

बोलले आणि जीभ चावली. ती नुसती बाटलीचं झाकण चाचपडत राहिली. मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला.

मी इथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. मुलं संपली, शाळा बंद झाली, आता गावच्या वाचनालयाची किल्ली आणि तिथला एकुलता एक जुना लॅपटॉप माझ्या ताब्यात आहे. मेयर माझ्याकडे रडत आला. "वेलिचकाबाई, स्पेनहून सारखे फोन येतायत. म्हणतात आम्हाला आईची कबर दाखवा, आम्हाला नुसता एवलोगीचा पार्श्वभाग दिसतो. तुम्हाला तो कॅमेरा इकडून वळवता येईल का?"

"संतांना विचारलंत का?"

"संतांचं आणि फोनचं जमत नाही," तो ओशाळून म्हणाला.

कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्राम आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उघडेचना. मग म्हटलं, स्वतःच लिहू. असा काय मोठा डोंगर उचलायचाय? कॅमेऱ्यात दोन मोटरी. एक मान आडवी फिरवते, दुसरी उभी. नेटवरून त्याला ठरलेला आकडा गेला की मोटर फिरते. मिलेनाने कॅमेऱ्याचा पासवर्ड दिला. मी एक खिडकी बनवली: मध्ये चित्र, भोवती चार बाण, खाली 'मधोमध' असं एक बटण. एखाद्या शाळकरी पोराने हस्तकलेच्या तासाला केल्यासारखं दिसत होतं, पण मला त्याचा फार अभिमान वाटला.

शुक्रवारी दुपारी मी डावा बाण दाबला. कॅमेरा उजवीकडे गेला. अच्छा, बाबांनी उलटा टांगलाय! एक वजाचं चिन्ह टाकलं, डावं डावीकडे गेलं. पण दुसरी चूक माझी होती. बाण सोडल्यावर 'थांब' असा वेगळा आकडा पाठवायला हवा, तो मी लिहिलाच नव्हता. त्यामुळे कॅमेरा थांबेचना. सरकत सरकत पार टोकाला गेला, आणि तिथे भिंतीच्या आडोशाला एवलोगी बसला होता. उपवासाचा शुक्रवार, आणि बाबांच्या हातात वीतभर सॉसेज.

त्याने वर बघितलं. कॅमेरा त्याच्याकडेच रोखून बघत होता.

काय सांगू तुम्हाला! तो माणूस सॉसेजसकट गुडघ्यांवर आला. सॉसेज झग्याखाली लपवलं, क्रूस काढला, जमिनीला कपाळ टेकलं, आणि परत एका डोळ्याने वर बघितलं. मी एकटी वाचनालयात पोट धरून हसत होते. मग हसता हसता थांबले. अरे, हा घाबरतो कशाला? गेला आठवडाभर याच्यासमोर रोज कॅमेऱ्याने मान हलवली. ज्याला रोज चमत्कार दिसतो, तो आणखी एक दिसला म्हणून जमिनीवर का लोळेल? आजचा चमत्कार त्याने केलेला नव्हता, म्हणून! म्हणजे बाकीचे सगळे त्यानेच केलेले.

उत्तर त्यानेच दिलं. त्याने बाहीतून एक काळा, चपटा रिमोट काढला, हलवला, तळहातावर आपटला, सेल काढून चाटून बघितले. खोक्यात रिमोट होताच तर. आणि मला ते सगळं संताच्याच डोळ्यातून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चेरीचा शनिवार. त्या दिवशी आम्ही कबरींवर अक्रोडाची पानं अंथरतो, वाइन ओततो, आणि मेलेल्यांच्या नावाने चेऱ्या आणि साखर घातलेले शिजवलेले गहू वाटतो. सगळं गाव तिथे होतं. मी लॅपटॉप घेऊन माझ्या आजोबांच्या कबरीच्या कठड्यावर बसले. 'थांब'चा आकडा रात्रीच लिहून ठेवला होता.

एवलोगी पांढराफटक पडला होता, पण धंदा बुडवायला तयार नव्हता. "लेकरांनो, काल संत मला स्वतः दिसले! माझी तपश्चर्या बघून ते—"

"काय खात होतात तेव्हा?" मी विचारलं.

"भगिनी, मध्ये बोलू नका, लहर तुटते. त्सोनाबाई, पुढे या. संतांना शेवटचं विचारा, म्हणजे तुमच्या मनात किंतू राहणार नाही."

मावशी माझ्या हाताला धरून पुढे आली. "महाराज, डोळा कापू का?"

एवलोगीचा हात बाहीत गेला आणि कॅमेऱ्याने मान वर उडवली. मी लगेच आडवा बाण दाबला. कॅमेरा डावीकडे वळला. तो वर. मी उजवीकडे. तो खाली. मी डावीकडे. बिचारा कॅमेरा नव्या नवरदेवासारखा गोंधळून गोल गोल घुमायला लागला.

"संत काय म्हणतायत?" मेयरने कुजबुजत विचारलं.

"चिडलेत!" एवलोगी ओरडला. "कुणीतरी कांदा खाल्लाय!"

"कांदा नाही, बाण दाबलाय!" मी म्हटलं. "अहो बाबा, जरा तो हात बाहीतून बाहेर काढा बघू. शाळेत पोरांचा काढायचे तसा काढू का?"

तो मागे सरला, थडग्याला अडखळला, आणि रिमोट त्याच्या बाहीतून निसटून थेट दोच्काच्या गव्हाच्या ताटात पडला.

मग दोच्काने तो साखर लागलेला रिमोट दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचं चुंबन घेतलं. "संताची वस्तू!"

कपाळ माझं! तोवर पाचसहाजणी रांग लावून उभ्या राहिल्या होत्या. पण त्याहून वाईट म्हणजे दुसरी रांग माझ्यासमोर लागली होती. मेयर टोपी काढून म्हणाला, "बाई, संत आता तुमच्या लॅपटॉपमध्ये आलेत का?"

"कुणीही कशातही आलेलं नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "इकडे या. सगळे या. दोच्का, हा बाण दाब. दाब, चावत नाही."

तिने दाबला. कॅमेरा वळला. ती किंचाळली. मग तिने परत दाबला, परत, आणि हसायला लागली. मी समजावलं: दोन मोटरी, चार बाण. बोट दाबतं, आकडा जातो, मोटर फिरते. बोट माझं असेल तर मी बोलते, बाबाचं असेल तर बाबा बोलतो.

"मग माझा टर्की?"

"अगं, त्याला तुझा टर्की माहीत नाही. आपण कॅमेरा आहोत हेसुद्धा त्याला माहीत नाही!"

तेवढ्यात एवलोगी माझ्या कानाशी आला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "वेलिचकाबाई, हा प्रोग्राम फार सुबक झालाय. मला द्याल का? पलीकडच्या गावासाठी." मेयरने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. त्याचं सामान माडीवरून कुणी उतरवलं ते मी विचारलं नाही.

मावशी मात्र तिथेच उभी होती. तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. मी तिचं बोट धरून बाणाच्या बटणावर ठेवलं. "हा 'हो'. शेजारचा 'नाही'. काय विचारायचं ते विचार आणि तूच दाब."

"पण मग ते उत्तर माझंच होईल ना गं?"

"आधीही माणसाचंच होतं मावशी. फक्त दुसऱ्याचं."

ती बोटाने बटणाच्या कडा तपासत राहिली. "खरं सांगू का वेली? मला भीती वाटते. डोळ्यात सुरी घालणार. मला 'नाही'च ऐकायचं होतं. म्हणून त्याचं 'नाही' इतकं गोड लागलं."

माझा सगळा राग तिथेच विरघळला. तिला जवळ घेतलं. भीती वाटणारच. मलाही वाटली असती. गावाकडे वळून मी एवढंच म्हटलं, "भीती वाटली तर विचारा. शंका आली तर विचारा. दहादा विचारा. पण ज्याला उत्तर ठाऊक असू शकतं त्याला विचारा. आणि तो उत्तर देईल तेव्हा त्याचे हात कुठे आहेत ते बघा, आणि त्या उत्तरात त्याचा फायदा काय तेही बघा. यासाठी भौतिकशास्त्र लागत नाही."

मावशीच्या खिशातल्या फोनवर मिलेना सगळं ऐकत रडत होती. "आई, दाब ना. 'हो' दाब."

मावशीने बोट बटणावरून उचलून घेतलं आणि पदराला, म्हणजे तिच्या त्या फुलाफुलांच्या ॲप्रनला, पुसलं.

"यंत्राला कशाला मध्ये घ्यायचं?" ती म्हणाली. "डोळा माझा आहे. सोमवारची गाडी किती वाजता सुटते ते सांग, आणि त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. मला त्यांना विचारायचंय, दुखेल का म्हणून."