दिवेलागणीचे टॉवेल

टॉवेलांचा वास गेला असता तर पूर्णिमाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून टाकू. कळंब्याच्या शाळेत ती स्टाफरूममध्ये बसली की शेजारची खुर्ची हळूच सरकायची, ते थांबलं असतं. आंघोळ करून आलेला नवरा आंघोळीआधीच्या नवऱ्यापेक्षा बरा वाटला असता. पण या कलमावर तिची फार भिस्त नव्हती. खरी जमेची बाजू वेगळीच होती. धुण्याचं खातं सासूकडून तिच्याकडे आलं असतं. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्यापासून या घरात तिच्या मालकीची एकही गोष्ट नव्हती. एक दोरी तरी स्वतःची असावी, एवढीच तिची मागणी होती.

दोरी विठाबाईंची होती. धुणं मशीन करायचं, पण मशीनवर हुकूम विठाबाईंचा. पावडर मूठभर जास्त, वर मऊपणा आणणारं ते निळं सुगंधी औषध दोन झाकणं. इथवर चाललं असतं. गाडं अडायचं ते पुढं. दिवेलागणीनंतर दोरीवर कापड राहता कामा नये, हा त्यांच्या माहेरचा दंडक. उन्हाळ्यात त्याचं कुणाचं काही बिघडत नाही. पण श्रावणातल्या कोल्हापुरात दिवसभर टांगलेला टॉवेल संध्याकाळीही गारच लागतो. देवाजवळ दिवा लावायच्या आधी विठाबाई ते सगळे काढायच्या, तसल्याच ओल्याची सुरेख घडी घालायच्या आणि कपाटात रचून दार लावायच्या. आत मग जे काही शिजायचं, ते सकाळी सगळ्यांच्या तोंडाला लागायचं.

पूर्णिमानं कसूर ठेवली नाही. मोबाईलवर बघून व्हिनेगर घातलं, खायचा सोडा घातला, बंबातल्या कढत पाण्यात टॉवेल उकडून काढले. कोरडा असेपर्यंत टॉवेल शहाण्यासारखा वागायचा. पाणी लागलं की पुन्हा मूळ स्वभावावर. आणि पावसाळाभर उपाय दुपारी व्हायचा नि घडी संध्याकाळी पडायची.

"आत्याबाई, रातभर फॅनखाली टाकूया की हे टॉवेल," तिनं एकदा सुचवलं.

"दिवा लागल्यावर लोंबती कापडं? घर हाय का तालीम?" विठाबाई म्हणाल्या. "आणि वास कसला गं म्हणतीस? मला तर काय येत न्हाई."

हे ऐकून पूर्णिमाच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातला अगदी तळचा टॉवेल ओढून काढला. त्याला हातभर लांबूनसुद्धा भिजलेल्या कुत्र्यासारखा वास येत होता. तो घेऊन ती सासूपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, कपाटात कापूर ठेवलाय आजपासनं. बघा बरं, फरक पडलाय का?"

विठाबाईंनी टॉवेलात तोंड खुपसलं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "आगं, अंबाबाईच्या देवळात गेल्यागत वाटतंय की!"

घरात त्या दिवशी कापराची वडीसुद्धा नव्हती.

पूर्णिमाला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगा. हुकमाचं पान हाती आलं होतं. नवरा दुकानातून यायची वाट बघितली आणि तो दारात चप्पल काढतोय तोवर सांगून टाकलं. विश्वजितचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान. नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करण्यात तरबेज माणूस.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "कोरोनात गेला तिचा वास, तो परत आलाच न्हाई. पण बोलू नगंस कुठं."

"का?"

"चटणी."

आता हे कोल्हापूरच्या बाहेरच्यांना समजवायला हवं. उन्हाळ्यात इथं घरोघर वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. तीळ, खोबरं, मसाला भाजताना कढई नेमकी कधी उतरायची, यावर सगळं वर्ष अवलंबून. अख्खी गल्ली त्यासाठी विठाबाईंना बोलवायची. त्या कढईजवळ पाटावर बसायच्या, हवेतला वास घ्यायच्या आणि "उतरा" म्हणायच्या. म्हटलं की उतरायचं. नवरा गेल्यावर या बाईला गल्लीत जो काही मान उरला होता, तो त्या एका शब्दावर. वास गेल्यापासून त्या रंगावर आणि अंदाजावर "उतरा" म्हणत होत्या.

"मग टॉवेलांचं काय?" पूर्णिमानं विचारलं.

"श्वास धरून पुसायचं," विश्वजित म्हणाला. त्याला सवय झाली होती.

आणि त्या रविवारी जयसिंगपूरहून सयाजीराव आले. विठाबाईंची लेक वर्षाराणी, तिचे हे सासरे. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्यांना पाहुणे आल्याचं कळावं. पावसातून आलेले, पाय चिखलानं भरलेले. पूर्णिमानं पाय धुवायला पाणी दिलं आणि कपाटातून आहेरात आलेला कोरा टॉवेल काढला. विठाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला.

"नवा टॉवेल पाणी पीत न्हाई. आणि तो पुढं द्यायचा हाय कुणाला तरी." घडीतला घरचा टॉवेल त्यांनी स्वतः व्याह्यांच्या हातात ठेवला.

सयाजीरावांनी पाय पुसले असते तर निभावलं असतं. त्यांनी आधी तोंड पुसलं.

"आरं तिच्या!" टॉवेल लांब धरून ते ओरडले. "विहीणबाई, ह्यात उंदीर मेलाय का काय?" मग सोफ्यावर बसत, हसत हसतच, "यंदा तुमची चटणीबी जरा करपट लागली बघा. आमची मंडळी म्हणली, विहीणबाईंच्या हातची असून असं कसं? आता हा टॉवेल. तुम्हाला वास येतोय न्हवं?"

ते खेळीमेळीनं बोलले. पण शेजारच्या आक्का चहाला म्हणून येऊन बसल्या होत्या, त्यांचा कप बशीवरच थांबला. उन्हाळ्यात त्यांचंही खोबरं विठाबाईंनीच उतरवलं होतं. विठाबाईंचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला.

विश्वजित खिडकीतून पाऊस बघत होता.

"मामा, टॉवेल मी घडी केलेत," पूर्णिमा म्हणाली. "ओलेच. शाळेच्या गडबडीत. आणि खोबरंबी माझ्याच हातनं करपलं. आत्याबाई दारात कुणाशी बोलत होत्या, त्यांना दाखवलंच न्हाई मी."

आक्कांनी कप उचलला. सयाजीराव म्हणाले, "आसं व्हय! मास्तरीणबाईंचं काम!" आणि गडगडून हसले.

विठाबाईंनी सुनेकडे बघितलं. एक क्षण वाटलं, काही म्हणतील. त्या म्हणाल्याच, चांगल्या खणखणीत आवाजात:

"सांगून सांगून दमलो बघा मी हिला. पोरास्नी शिकवत्या, पण टॉवेल वाळवायला येत न्हाई. आजपासनं माझ्या धुण्याला हात लावायचा न्हाई गं तू!"

"बरं," पूर्णिमा म्हणाली.

त्या संध्याकाळी दिवा लागायच्या आधी दोरी रिकामी झाली आणि कपाटाचं दार लागलं. आता ती टॉवेलाबद्दल बोलणार कुठल्या तोंडानं? दोष तिनंच कबूल केला होता, साक्षीला व्याही आणि आक्का होत्या. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की पूर्णिमाला धुणं जमत नाही आणि चटणी तर नाहीच नाही.

तेव्हा हिशेब असा. सयाजीरावांनी एका पुसण्याचं भरलं, आणि घरी नेऊन सांगायला किस्सा मिळाला म्हणजे ते फायद्यातच. विश्वजितनं नेहमीप्रमाणे काही भरलं नाही. विठाबाईंची कढई पुढच्या उन्हाळ्यापुरती सुटली. सुनेच्या नजरेला नजर देणं त्या तेवढं टाळतात, ते त्यांच्या नावे मांडा. बाकीचं सगळं पूर्णिमानं भरलं. अजून भरते आहे, रोज सकाळी, तोंड धुऊन झाल्यावर.