कापडावरून चिखलात

मित्रांनो, मी एक जुने पितळी भिंग आहे. अंगाने काडेपेटीएवढे, पण तोरा मोठा! इंदूरच्या एका कापडगिरणीत किसनजी मला ताग्यावर टेकवून उभे-आडवे धागे तपासत. दोष दिसला की ते काठाला लाल दोरा बांधत आणि पुढच्या खात्यात तेवढा तुकडा कापून टाकला जाई. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असे सगळे म्हणत. ते खरेच होते.

मग गिरणी बंद पडली. किसनजी घरी बसले आणि मी फळीवर धूळ खात पडले. फार वाईट दिवस होते ते.

मला खाली काढले ते त्यांच्या मुलीने, धम्मदीनाने. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. हातोदच्या वाटेवर एका पाणथळ जागेत तिला लिव्हरवर्टचा एक दुर्मिळ प्रकार सापडला होता. ही जमिनीला चिकटून वाढणारी चपटी, इवलीशी वनस्पती. तिची ओळख म्हणजे पोटाकडचे जांभळे खवले, आणि ते दिसायला मीच हवे! तिथे नव्या कारखान्यासाठी भराव पडणार होता. ही वनस्पती कुठे कुठे आहे, याचा नकाशा वेळेत दाखवला तरच जागा वाचणार होती.

धम्मदीनाने जिथे ही वनस्पती सापडली तिथे काडी रोवून लाल दोरा बांधला आणि ती पुढे गेली. मदतीला आलेल्या किसनजींनी दोरे पाहिले आणि खुरप्याने खरवडायला सुरुवात केली.

"बाबा, रुको! काय करताय?"

"लाल दोरा बांधलाय ना, बेटा? मला वाटलं खराब माल आहे, निकालायचाय."

"खराब नाही, बाबा. हेच तर बचवायचंय!"

किसनजी चिखलातच बसले. "मलापण असंच काढलं गिरणीतून," ते म्हणाले. "मी कुठे खराब होतो?"

मला ते फार लागले. धम्मदीनाने त्यांच्या हातात मला दिले. मग बापलेकीने खरवडलेला एकेक तुकडा माझ्याखाली धरून, खवले पाहून, पुन्हा ओल्या मातीत दाबला. जात चिवट! काही दिवसांत तुकड्यांना हिरवे फाटे फुटले. नकाशा पुरा झाला आणि भरावाची हद्द मागे सरकली.

हल्ली किसनजी तिथे फेरी मारतात. कोणी बेफिकीर चालत आला की म्हणतात, "भिया, जरा देखके! इथे कोणीतरी राहतं."

मित्रांनो, कोणालाही निकामी ठरवून काढून टाकण्याआधी एकदा वाकून, नीट उलटून पाहा. नजर कमी पडलीच, तर मी आहे.