ऐकण्याची फी

भूगर्भशास्त्राची अख्खी इमारत ओकबुनच्या ताब्यात होती. म्हणजे तिचे जिने, तिच्या खिडक्या, तिची संडासं आणि तिच्या वर्गांतले फळे. छंग्जू शहरातल्या त्या खासगी विद्यापीठात सफाईचं कंत्राट तीनदा बदललं, साहेब बदलले, अंगावरच्या गणवेशाचा रंग बदलला. ओकबुन मात्र तिथंच राहिली. वय सत्तावन्न, बांधा बुटका, आणि चाल अशी की बादलीतलं पाणी हलू नये.

शाळा तिची सहावीपर्यंतच झाली होती. सहावी झाल्यावर वडिलांनी सांगितलं, घरात एकालाच शिकवता येईल, आणि तो एक म्हणजे तिचा भाऊ. ओकबुन तेगू शहरातल्या सूतगिरणीत कामाला गेली. तेव्हा तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. गल्लीतल्या सगळ्याच मुली जात होत्या. वाईट वाटायला लागलं ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, फळा पुसताना.

दोनशे चार नंबरच्या वर्गात नाम्गुंग सर शिकवत. त्यांना रंगीत खडूंचा भारी सोस. डोंगराचे थर काढायचे तर चुनखडी पिवळी, वाळूचा दगड तांबडा, कोळसा पांढऱ्या रेघांनी उभारलेला. तास संपला की ओकबुननं ओलं फडकं फिरवायचं. एक दिवस तिचा हात उठेना. ती फडकं पिळत फळ्यासमोर उभीच राहिली आणि तेवढ्यात सर विसरलेला चष्मा न्यायला परत आले.

"काय हो मावशी, पुसायचं राहिलं?"

"पुसवत नाही सर." ओकबुन ओशाळली. "खालचं जुनं आणि वरचं नवं, एवढं चित्रावरून कळलं. पण मधली ही वाकडी रेघ कसली?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उभ्याउभ्या वीस मिनिटं सांगितलं. त्या रेघेला विसंगती म्हणतात. तिच्या खालचा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, वरचा कालपरवाचा, मधले थर नाहीतच. एक तर साचलेच नाहीत, नाहीतर साचून वाहून गेले. ओकबुन जिवाचे कान करून ऐकत होती. शेवटी सर म्हणाले, "बुधवारी दहाला येत जा. मागच्या रांगेत बसा."

"आणि फी हो, सर?"

"मी बोलणारच आहे, तुम्ही ऐका. तुम्ही ऐकल्यानं माझा घसा जास्त बसणार आहे का?"

झालं, त्या बुधवारपासून ओकबुन पहाटे साडेपाचची बस सोडून साडेचारची धरू लागली. दहाच्या आत सगळं चकाचक. फक्त तिसऱ्या मजल्याची संडासं उरत, ती तिची सोबतीण मालसुन घासायची, आणि त्या बदल्यात गुरुवारी ओकबुन मालसुनचे दोन जिने पुसायची. कुणाचं काही अडलं नाही.

जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत, तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून डबा खाताना मालसुन तिला सोडायची नाही. "या प्राध्यापकीणबाई! आज कुठला डोंगर गिळून आलात?"

"चेष्टा कर तू. ऐक तरी, आपल्या बसच्या वाटेवर जो कापलेला कडा आहे ना..."

"नको गं बाई, मला गुडघ्यांचे थर पुरेत. पण खरंच, पाठशाळेतलं कुत्रंसुद्धा तीन वर्षांत श्लोक म्हणायला लागतं म्हणतात. तू तर दोन पायांची आहेस."

मागच्या रांगेत शेजारी हारिम बसायची. तिसऱ्या वर्षाची पोरगी, चोवीस तास चालणाऱ्या दुकानात रात्रपाळी करून यायची; डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. पहिले काही दिवस ती नुसती झोपायची, आणि सरांची नजर इकडे वळली की ओकबुन तिला कोपरानं ढोसायची. तिथून ओळख वाढली. ओकबुन डब्यातून किंबापच्या, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या चकत्या आणायची, मुळ्याची आंबवलेली किमची आणायची. हारिम तिला अवघड शब्द वहीत मोठ्या अक्षरात काढून द्यायची, चुकलेलं लाल पेननं सुधारायची.

"मावशी, तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त प्रश्न विचारता."

"तुझ्या आईला विचारायला वेळ कुठं असेल गं? ती तुझी फी भरत असेल."

"ती नाही भरत," हारिम म्हणाली. "मीच भरते. म्हणजे बँक भरते, आणि मग जन्मभर मी."

एका सत्राचे चाळीस लाख वॉन. ओकबुनला दोन महिन्यांतसुद्धा एवढे मिळत नसत. हारिमच्या वाढदिवशी ती रीतीप्रमाणं शेवाळाचं सूप करून, गोधडीच्या तुकड्यात डबा गुंडाळून बसमधून मांडीवर घेऊन आली. हारिमनं जिन्याखाली बसून ते सगळं प्यायलं. त्याच दिवशी ओकबुननं तिला वहीचं एक पान दाखवलं, जे तिनं मालसुनलाही दाखवलं नव्हतं. विसंगतीचा धडा लिहून झाल्यावर खाली तिनं आपल्या मनचं एक वाक्य लिहिलं होतं: 'माझ्यातही बारा ते सत्तावन्न एवढे थर नाहीत.' हारिमनं त्यातला 'सत्तावन्न' दुरुस्त केला आणि बाहीनं डोळे पुसले.

मग ऑक्टोबर आला. अंगणात गिंकोच्या झाडांची फळं पडून घाण वास सुटला, सफाईवाल्या बायकांची पाठ मोडली. त्याच दिवसांतल्या एका बुधवारी सर म्हणाले, या दोन थरांमध्ये नऊ कोटी वर्षं गायब आहेत, आणि ओकबुननं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"सर, ती वर्षं गेली ती गेली. पण वाहून गेलेला गाळ कुठंतरी साचला असेलच की. तो शोधला तर ती वर्षं सापडतील ना?"

वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. "तीस वर्षं शिकवतोय मी. हे विचारायला एकालाही सुचलं नाही. तुम्ही लोक परीक्षेत काय येणार तेवढं विचारता. जरा मावशींकडून शिका."

ओकबुनचे कान लाल झाले. हारिम तास संपायच्या आतच उठून गेली. दुकानात पाळी असेल, असं ओकबुनला वाटलं.

पुढच्या सोमवारी पहाटे ती दाराजवळच्या सूचनाफलकाची काच पुसत होती. काचेवर बाहेरून एक छापील कागद चिकटवलेला. कुणी कागद चिकटवला की तो खरवडून काढणं हे तिचंच काम, म्हणून तिनं पातं काढलं, आणि पातं हातात धरूनच वाचलं.

'आम्ही कर्ज काढून या वर्गात बसतो. सफाई कामगार कामाच्या वेळेत फुकट बसतात. बुधवारी तिसऱ्या मजल्याची संडासं दुसऱ्या बाईवर टाकून. शिक्षणाला किंमत असेल तर ती सगळ्यांना असावी. नसेल तर आमचे पैसे परत करा.' खाली सही: 'फी भरणारा एक विद्यार्थी'.

तिनं कागद खरवडला नाही. ती तडक जिन्याखाली गेली. मालसुन मोजे बदलत होती.

"तिसऱ्या मजल्याचं तू कुणाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"तुला आणि मलाच ठाऊक होतं. जड जात होतं तर मला सांगायचं होतंस ना! कागद कशाला लावलास?"

मालसुननं एक पाय मोज्यात, एक बाहेर, असं तिच्याकडे पाहिलं. "डोकं फिरलंय का तुझं? मी कागद लावणार? मला बसची पाटी वाचायला दोन बस सोडाव्या लागतात. चल, दाखव कुठाय."

दोघी काचेपाशी आल्या. मालसुनला वाचता येईना, म्हणून ओकबुननं मोठ्यानं वाचायला घेतलं. मघाशी सही वाचूनच ती वळली होती, शेवटच्या दोन ओळी तिनं वाचल्याच नव्हत्या. सहीच्या खाली, बारीक अक्षरात, ताजा कलम असावा तशा त्या होत्या: 'आपल्यात बारा ते सत्तावन्नचे थर नाहीत, म्हणून ते आमच्या पैशानं भरून काढायचे, हा कुठला न्याय?'

ओकबुननं पातं खिशात ठेवलं.

"काय गं? थर कसले?" मालसुननं विचारलं.

"काही नाही." तिनं सोबतिणीचा हात धरला. "चुकले मी. तू नाहीस. तिसऱ्या मजल्याचं मीच एकदा बोलून गेले होते."

"कोण आहे, कळलं?"

"कळलं."

मालसुननं फार खोदलं नाही. नुसती म्हणाली, "भरवशाच्या कुऱ्हाडीनंच पाय तुटतो, बाई," आणि त्या दिवशी ओकबुनचा दुसरा मजलाही तिनंच पुसला.

दुपारी कंत्राटदाराकडून देखरेख करणारे, प्यॉन आडनावाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. बोलताना टेबलावरच्या पिना रांगेत लावत बसायचा. "मावशी, तिकिटाशिवाय कुणाला बसमध्ये बसू देतात का?"

"बसमध्ये जागा अडते, साहेब. माझ्या ऐकण्यानं कुणाचं ऐकणं कमी झालं?"

"ते मला नका विचारू. वरून पत्र आलंय." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "इथं सही करा. वर्गात पुन्हा बसणार नाही, एवढंच. नोकरी जात नाही. वसतिगृहाकडं बदली होईल."

"सर मला स्वतः बसा म्हणाले होते. त्यांना विचारा की."

साहेबांनी पिना थांबवल्या. "विचारलंय. त्यांचा खुलासा जोडलाय मागं."

ओकबुननं पान उलटलं. एकच वाक्य, खाली नाम्गुंग सरांची सही. ती सही तिनं फळ्याच्या कोपऱ्यात कितीदा पुसली होती. 'सदर कर्मचारी साफसफाईच्या कामासाठी वर्गात थांबत असावी, असा माझा समज होता.'

तिनं ते तीनदा वाचलं. वाचता येत होतं, हीच पंचाईत.

"असा समज होता," ती म्हणाली. "साफसफाई करणारीनं हात वर करून नऊ कोटी वर्षांचं विचारलं, तेव्हासुद्धा हाच समज होता?"

"मावशी, त्यांचीही पुढच्या वर्षीची नेमणूक अडकलीय म्हणे. करा सही."

तिनं सही केली. नीट, वळणदार, हारिमनं शिकवलेली.

बदलीला आठवडा होता. त्या आठवड्यात ती रोज नाम्गुंग सरांच्या खोलीसमोरचा बोळ पुसायची. आत चहाच्या किटलीचा आवाज यायचा, खुर्ची करकरायची. तिच्या गाडीची चाकं वाजली की सगळं चिडीचूप. ती बोळाच्या टोकाला गेली की मगच दार उघडायचं. दोन दिवस तिनं मुद्दाम जास्त वेळ लावला. सर बाहेर येतील आणि काहीही, अगदी 'नियमच तसे आहेत हो' एवढं तरी म्हणतील, असं तिला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं चाकांना तेल घातलं आणि आवाज न करता पुसून निघून गेली.

हारिम मात्र आली. शुक्रवारी, जिन्याखाली. हातात कागदांचा गठ्ठा होता. मालसुन तिला बघताच डबा उचलून बाहेर गेली.

"मावशी, या सत्राचं उरलेलं सगळं उतरवून दिलंय. पुढं जे शिकवतील तेही आणून देईन."

"बस," ओकबुन म्हणाली. पोरगी बसली. जमीन गरम होती तरी तिनं कोट काढला नाही.

"कागद तूच लावलास ना?"

हारिमनं होय म्हणून मान हलवली. मग एकदम बोलायला लागली. "मी तीन वर्षं झोपले नाहीये नीट. दुकानात पिऊन आलेले लोक माझ्या अंगावर सुटे पैसे फेकतात. ते सगळं कशासाठी, तर त्या खुर्चीत बसायला. आणि तुम्ही त्याच खुर्चीत बसलात, आणि सर म्हणाले मावशींकडून शिका. मला वाटलं, मी मूर्ख आहे. मी काय विकत घेतलं मग? तुमच्यावर नव्हता राग, मावशी. खरंच नव्हता."

"मग माझं नाव घालायचं नव्हतंस."

"नाव घातलंच नाही मी!"

"वहीतलं वाक्य घातलंस. ते माझ्या नावापेक्षा जास्त माझं होतं." ओकबुनचा आवाज चढला नाही, त्यामुळे पोरीला आणखी मान वर करता येईना. "तू शेजारीच बसायचीस गं. कानात सांगितलं असतंस, मावशी, मला हे सहन होत नाही, तर?"

"तर तुम्ही उठून गेला असता?"

"त्याच दिवशी. तू म्हणालीस म्हणून गेले असते. फी काय फक्त तुमच्या हापिसातच भरतात? मी साडेचारच्या बसनं येत होते. पण तुझ्या एका शब्दावर सोडलं असतं मी ते."

हारिम रडायला लागली. ओकबुनला ते बघवेना, पण जवळ घ्यायला हातही पुढं होईना. चार आठवड्यांपूर्वी याच जागी तिनं या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता मध्ये काय आलं होतं ते तिला दिसत होतं आणि ते ओलांडायची तिची इच्छा नव्हती. तिनं कागदांचा गठ्ठा उचलला, कडा नीट जुळवल्या आणि हारिमच्या मांडीवर परत ठेवला.

"हे तू पैसे भरून घेतलंयस. तुझं तुझ्याजवळ ठेव."

वसतिगृहाच्या इमारतीत फळे नव्हते. न्हाणीघरांतले केस, कचऱ्याचे डबे, नूडल्सचे कप. हिवाळाभर ओकबुन कुणाशी फार बोलली नाही. उल्सानला नोकरीला असलेल्या तिच्या मुलानं फोन केला तर म्हणायची, सगळं ठीक आहे. वही तिनं फेकली नाही, पण उघडलीही नाही.

मार्चमध्ये मालसुननंच बातमी आणली. नगरपालिकेच्या केंद्रात मोठ्या माणसांचा सातवीचा वर्ग सुरू होतोय, दुपारी, फुकट.

"फुकटचं नाव काढू नकोस माझ्यासमोर," ओकबुन म्हणाली.

"अगं, तिथं सगळ्याच फुकट बसणाऱ्या! एकमेकींवर कागद लावतील कशाला? आणि मी पण येतेय. मला ती बसची पाटी एकदाची वाचायचीय."

नाव नोंदवायला दोघी गेल्या. टेबलामागं एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, हसऱ्या, केस पिकलेल्या. त्यांनी फॉर्म भरून घेतला, वह्या दिल्या, वेळ सांगितली. मालसुन निघाली, ओकबुन तिथंच उभी.

"अजून काही, मावशी?"

"मध्येच कुणी उठवणार नाही ना?"

बाई हसल्या. "छे हो! शिकायला आलेल्या माणसाला कोण उठवेल?"

"हसू नका. मागच्या वेळी सरही असंच म्हणाले होते. मला लिहून द्या."

बाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं. कोरा कागद घेऊन तिचं नाव, वर्ग, तारीख लिहिली आणि खाली केंद्राचा शिक्का मारला. ओकबुननं शिक्क्याची शाई वाळेपर्यंत वाट बघितली.

पहिल्या दिवशी सगळ्या बायका पुढच्या बाकांवर दाटीनं बसल्या. मालसुन तिच्यासाठी जागा धरून हाका मारत होती. ओकबुन दाराजवळच्या बाकावर बसली, पाय बाहेरच्या बाजूला ठेवून. गणित बरं जमलं तिला, इतिहास त्याहून बरा. हात वर करायची वेळ दोनतीनदा आली, उत्तर येत होतं, पण हात काही तिनं वर केला नाही. आणि वर्गात शेगडी चांगली रसरसलेली असूनही, पहिला महिनाभर तिनं अंगातला कोट काढला नाही.