जीपमध्ये बसले तेव्हा

"मना नको ता," म्हणत नवसूनं शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली. "त्या खाटेवरच्या सोमीला दिलं, ती गेली. लहान्याला दिलं, तोही गेला. आता माझा नंबर काय?"

हर्षाली सिस्टरनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "काका, रक्त वाढायचं इंजेक्शन आहे ते. डायलिसिसवर रक्त कमी होतंच. ज्यांचं अगदी तळाला गेलं त्यांना आधी देतो. ती दोघं आधीच खचलेली होती."

"मी डोळ्यांनी बघितलाय."

डोळ्यांनी बघितलेल्यापुढं कुणाचं काय चालणार? उशाशी बसलेली त्याची बायको कमूही म्हणाली, "नको सांगतो तं राहू दे, बाय."

नवसूनं उभी हयात जीप चालवली, वांगणी ते जव्हार. आजारी माणूस घरात पडून राहायचं. आधी झाडपाला, मग नवस, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची अक्कल. घरघर लागली की जव्हारच्या दवाखान्यात न्यायला नवसूला हाक. रस्ता तर असा की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. कित्येक वाटेतच जायचे. लोक म्हणू लागले, नवसूच्या जीपमध्ये बसला तो परत येत नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा घरच्यांनी मोखाड्याहून दुसरी गाडी आणली. नवसू त्या लग्नात जेवला, नाचला, आणि घरी येऊन कमूला म्हणाला, "मरायला टेकल्यावर बोलावतात, नि मेला तं गाडीचा दोष. बरा असताना कुणी बसला का कधी?"

आणि हाच माणूस आता बाही ओढून बसला होता. राग येतो त्याचा, पण काय करणार? आपल्यावरचा अन्याय माणसाला दिसतो, आपल्या हातून होणारा दिसत नाही.

भात पोटरीला आलं तोवर नवसू पार वाळला. जीप आता पुतण्या चालवायचा. एका दुपारी दवाखान्यातून निघताना नवसूला जीपची पायरी चढवेना. कमूनं त्याचे पाय हातांनी उचलून आत ठेवले, आणि तशीच उभी राहिली.

"अरे, लोकांनी तुझ्या जीपचा जो केला, तोच तू त्या इंजेक्शनचा करतोस."

नवसू हसला. "खरा गं. एवढी वर्षं बोंबललो, नि मीच आंधळा. चल, सांग त्या बायला."

इंजेक्शन सुरू झालं. पण रक्त वाढायला वेळ लागतो, आणि नवसूपाशी तेवढा उरला नव्हता. नाचणीच्या कापणीत तो गेला. डायलिसिसच्या खोलीत कुजबुज झाली, नवसूलाही तेच दिलेलं. शेजारच्या खाटेवरच्या रुपीनं दंडावर पदर ओढून घेतला.

पुढं डॉक्टर गौतम आले. डायलिसिसच्या पेशंटना कुठल्या औषधाचा खरंच उपयोग होतो, याचा ते अभ्यास करत होते. त्यांनी कमूला बोलावून घेतलं.

"मावशी, इंजेक्शन सुरू केलं तेव्हा काका कसे होते? चालत होते? जेवत होते?"

"पाय उचलून गाडीत ठेवले मी. भाकर गिळवत नव्हती." कमू थांबली. "हे सगळ्यांचा इचारता?"

"सगळ्यांचं. खचलेल्यालाच औषध दिलं नि तो गेला, तर दोष औषधाला लावून चालत नाही. धडधाकटाला दिलं नि तो जगला, तर त्याचं कौतुकही फुकटचं."

कमूला रडू फुटलं. दवाखान्यात आजवर ती रडली नव्हती. आपण त्या दिवशी 'राहू दे, बाय' म्हणालो, ते तिला आठवत होतं. आणि जीपमध्ये बसलेल्यांबद्दल हा साधा प्रश्न नवसूच्या हयातीत त्याला कुणी विचारला नाही, तेही.

"मग त्याच्या जीपचा पण लिवा ना, डॉक्टर. बसली तेव्हा माणसं कशी होती, मी सांगते."

डॉक्टरांच्या अभ्यासात जीप कुठंच बसत नव्हती. तरी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"सांगा."

कमूनं पदरानं तोंड पुसलं. "पहिली बसली ती नवशी," ती म्हणाली. "पोर आडवा होता. दोन दिस अडलेली. तिसऱ्या दिशी बोलावला त्याला."