कोणीही केलं असतं

मी तोंडाची फटकळ, पण सुनावणीत जीभ आवरून बसते. एक पेटंट ठेवायचं की रद्द करायचं, ते मला ठरवायचं होतं. एकीकडे इंजिनियर बाई आणि तिचा थोरला भाऊ; दोघांचा छोटा कारखाना. दुसरीकडे बड्या कंपनीचा वकील आणि त्यांचा तज्ज्ञ. पेटंट गेलं की कंपनी हीच युक्ती उचलणार आणि कारखान्याला टाळं लागणार.

युक्ती अशी. काचेवर थर चढवायला यंत्रातल्या वायूत वीज सोडून प्लाझ्मा करतात. त्यात बारीक भुकटी धरते आणि काच वाया जाते. बाई वीज क्षणभर तोडते, देते, पुन्हा तोडते. भुकटीला वाढायला सवडच मिळत नाही.

वकिलाने दोन जुने लेख पुढे सरकवले. एकात वीज अशीच तोडलेली, पण प्लास्टिक तापू नये म्हणून. दुसऱ्यात म्हटलेलं, भुकटी धरायला वेळ लागतो.

"दोन्ही जोडले की हीच युक्ती. कोणालाही सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

खरं सांगते, मलाही पटत चाललं होतं. उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी बाईला विचारलं.

"त्यात काय एवढं? कोणीही केलं असतं."

भावाने कपाळाला हात लावला. बाईने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. मला तिचा रागच आला. अगं, विनय दाखवायची ही जागा आहे का?

पण कायदा तिला काय वाटतं ते विचारत नाही. त्या धंद्यातल्या साधारण जाणकाराला हे सहज सुचलं असतं का, एवढंच बघतो. तसा जाणकार समोरच बसला होता.

"तुमच्याकडे भुकटीचा त्रास होता?" मी तज्ज्ञाला विचारलं.

"वर्षानुवर्षं."

"आणि हे लेख?"

"आमच्याच लायब्ररीतले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग काय केलंत?"

"यंत्र धूत बसलो."

"वीज तोडून नाही बघितली?"

वकील खाकरला. तज्ज्ञाला मात्र प्रश्नच अपमानाचा वाटला. "मॅडम, थर चढताना मधेच वीज तोडायची? असं कोणी सुचवलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं."

वकिलाने डोळे मिटले.

"हे शब्दन् शब्द लिहून घ्या," मी टायपिस्टला म्हणाले.

"अहो, पण खरंच त्यात काही विशेष..." बाई सुरू झाली.

"तू आता गप्प बस गं," भाऊ म्हणाला.

"दादांचं ऐका," मी म्हणाले. "पेटंट कायम आहे."