खर्ड्याचा डाव

"ही तुमची पलटण मेली, कारभारी. उचला," शामकांत गुरुजी म्हणाले.

ओट्यावर खडूने खर्ड्याचं रणांगण काढलं होतं. चिंचोके म्हणजे पायदळ, गारगोट्या म्हणजे घोडदळ. सरशी कुणाची ते कवड्यांचं दान ठरवणार. जामखेडच्या शाळेत गुरुजींनी जन्मभर इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते पेशव्यांकडून ही लढाई खेळत आणि शेजारचे कारभारी निजामाकडून. खरा निजाम हरला, पण आपला हरू नये म्हणून कारभारी इरेला पेटत.

आज मात्र त्यांचा हात मध्येच थांबला.

"न्हाई उचलवत, गुरुजी."

गुरुजींना कारण लगेच कळलं. कारभाऱ्यांचा मुलगा भीमा फौजेत रणगाड्यांवर होता. पाकिस्तानशी लढाई थांबून महिना होत आला, तरी त्याची खबर नव्हती.

"नगरला लष्कराच्या कचेरीत विचारलंत?"

"इचारलं आन् भलतंच कळलं तर?"

गुरुजींनी धोतराच्या सोग्याने रणांगण पुसून टाकलं. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी आहे बरोबर."

कचेरीत एका साहेबांनी भीमाचं नाव, नंबर लिहून घेतला आणि ते फोनवर गेले. दोघे बाकावर बसले. कुठली फौज कुठं उभी होती हे तोंडपाठ असलेल्या गुरुजींना धीराचा एक शब्द सुचेना. कारभारी फेटा मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होते.

साहेब बाहेर आले. "इस्पितळात आहे. पायाला लागलंय, पण आता चांगला जेवतो, बोलतो. महिन्याभरात घरी येईल."

"जित्ता हाय?"

"जिवंत आहे, बाबा."

"परत येकदा सांगा."

साहेबांनी परत सांगितलं, अगदी सावकाश.

परतीच्या गाडीत कारभारी खिडकीशी बसले. "आता घरी जाऊन भीमाच्या आईला सांगतो," एवढंच म्हणाले आणि नगर सुटायच्या आत गुरुजींच्या खांद्यावर त्यांची मान कलली. किती रात्री डोळा लागला नव्हता कोण जाणे. कंडक्टर तिकीट मागायला आला, तेव्हा गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि डाव्या हाताने कसेबसे पैसे काढले.

आष्टी मागे पडली. रस्त्यात खड्डे होते, खांदा बधिर झाला होता. जामखेड येईपर्यंत गुरुजी हलले नाहीत.